चाकोरी

मराठीत एखाद्याचं कौतुक करायचं असलं की आपण म्हणतो, त्यानं चाकोरीबाहेरचा विचार केला. चाकोरी म्हटलं की कंटाळा, झापडं, त्याच त्या आयुष्याचा रहाटगाडगा डोळ्यांपुढे येतो. शब्द मात्र मुळात बैलगाडीचा. गाड्या जाऊन जाऊन मातीत चाकांच्या ज्या दोन खोल रेघा पडतात, ती चाकोरी. पाणंदीतून गाडी हाकणाऱ्याला ती नकोशी नव्हती. बैल चाकोरीला लागले की कासरा सैल सोडता यायचा आणि शेजारच्याच्या पिकात चाक जायचं नाही. दुसऱ्याच्या शेतात चाक घालणं हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या भांडणाला पुरेसं कारण होतं.

जंगलात इंजिनाची गाडी नीट चालवायची म्हणजे शब्दाचा हा जुना अर्थ पुन्हा शिकायचा, असं मला वाटतं.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते अमेरिकेतल्या सरकारी जंगलांत. तिथल्या वनसेवेच्या ताब्यात सुमारे १९.३ कोटी एकर जमीन आहे, म्हणजे अडीच महाराष्ट्र मावतील एवढी. त्यातल्या हजारो मैलांच्या वाटांवर लोकांना स्वतःची गाडी नेता येते. अशा सगळ्या गाड्यांना मिळून तिथे ओएचव्ही, म्हणजे ऑफ-हायवे व्हेइकल म्हणतात. त्यात डर्ट बाइक आली, हँडलवर चालणारी आणि घोड्यासारखी मांड टाकून बसायची चारचाकी क्वाड आली, शेजारी-शेजारी सीट आणि डोक्यावर लोखंडी पिंजरा असलेली साइड-बाय-साइड आली, आणि आपल्याकडे थारवाल्यांना वेगळी सांगायला नको अशी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद जाणारी जीपही आली. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या मराठी कुटुंबांना सिएरा नेवाडा डोंगररांगेतलं एल्डोराडोचं जंगल तीन-चार तासांवर. लाँग वीकेंडला दोन साइड-बाय-साइड भाड्यानं घ्यायच्या आणि मुलांना घेऊन डोंगरात जायचं, हा आता सरावाचा बेत झाला आहे. गाडी देणारा हेल्मेट देतो, ब्रेक कुठला ते दाखवतो, सह्या घेतो. जमिनीबद्दल तो फारसं बोलत नाही, आणि शिकायचं खरं तिथेच असतं.

आधी कायद्याचं. १९७२ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष निक्सन यांनी ११६४४ क्रमांकाचा आदेश काढला. सरकारी जमिनीवर अशा गाड्या कुठे जाव्यात आणि कुठे जाऊ नयेत हे खात्यांनी ठरवावं, आणि ठरवताना माती, पाणलोट, झाडोरा, वन्यप्राणी आणि पायी येणारी माणसं यांना कमीत कमी त्रास होईल असं बघावं, हे त्याचं सार. (आपला वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच वर्षीच्या सप्टेंबरचा.) १९७७ मध्ये कार्टर यांनी पुढचं पाऊल टाकलं आणि नुकसान दिसलं तर वाट तत्काळ बंद करा असं सांगितलं. तरी पुष्कळ जंगलांत रीत उलटीच राहिली होती. पाटी लावून बंद केलं नसेल तर सगळं खुलं. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या प्रवास-व्यवस्थापन नियमानं ती फिरवली. आता नकाशावर खुली दाखवलेली वाट तेवढी खुली, बाकी सगळं बंद.

तो नकाशा म्हणजे एमव्हीयूएम, मोटर व्हेइकल यूज मॅप. फुकट मिळतो आणि दिसायला अगदी रुक्ष असतो. काळा-पांढरा, ना डोंगर ना रंग, नुसत्या रेघा आणि आकडे. पण कायदा त्या रेघांचाच. जंगलात पाटी पडलेली असेल, कुणी उपटून नेली असेल, ती सबब चालत नाही. नियम मोडला तर ५,००० डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, हे नकाशावरच छापलेलं असतं. रेघेची जात बघायची. काही रेघा फक्त रस्त्यावर चालवायला पासिंग झालेल्या गाड्यांना, काही सगळ्यांना, काही फक्त मोटरसायकलींना, आणि काही ५० इंच किंवा त्याहून कमी रुंदीच्या गाड्यांना. नवशिके फसतात ते या ५० इंचांत. क्वाड साधारण ४८ इंचांच्या आसपास असते, भाड्याच्या साइड-बाय-साइड बहुतेक ६० ते ७२ इंच. त्या ५० इंची वाटेवर घातल्या की आतलं चाक डोंगराच्या कडेला घासतं आणि बाहेरचं वाटेचा काठ ढासळवतं. म्हणून गाडी ताब्यात घेताना बाहेरच्या टायरपासून बाहेरच्या टायरपर्यंत टेप लावून रुंदी मोजून घ्या. रेघेशेजारी तारखा असतील तर त्याही बघा, कारण काही वाटा वर्षातले ठरावीक महिनेच खुल्या असतात. नकाशाची पीडीएफ आदल्या दिवशी घरूनच फोनवर उतरवून ठेवायची. अवेंझासारख्या अ‍ॅपमध्ये ती रेंज नसतानाही चालते आणि आपण कुठल्या रेघेवर आहोत ते निळ्या ठिपक्यानं कळतं.

आता मातीकडे येऊ. वाटेचा खरा वैरी पाणी आहे, आणि चाक त्याला आत घेतं.

नीट बांधलेली डोंगरवाट एका अंगाला किंचित कललेली असते, दरीच्या बाजूला. शंभर फुटांत तीन ते पाच फूट एवढाच कल. पाऊस पडला की पाणी वाटेवरून आडवं वाहून खाली झाडीत पसरतं आणि जिरतं. शिवाय चढावर अंतरा-अंतरानं वाट मुद्दाम थोडी खाली नेऊन पुन्हा वर उचललेली असते. त्या आडव्या सखल जागेतून उरलंसुरलं पाणी बाहेर काढून दिलेलं असतं. शेताला ताल घालणाऱ्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. आता त्या वाटेवर, माती ओली असताना, एक जड गाडी गेली. दोन चर पडले, दोनेक इंचांचे. चरातली माती दाबून बाजूला आली आणि बाहेरच्या काठावर तिचा बारीक वरंबा उभा राहिला. पुढच्या सरीला पाणी आडवं जायला निघतं, वरंब्याला थटतं, चरात उतरतं आणि चराच्या लांबीनं धावू लागतं. उतारावर धावणारं पाणी वेग घेतं, वेगासोबत माती उचलतं. चर खोल झाला की त्यात आणखी पाणी मावतं, आणखी माती जाते. दोन-तीन पावसाळ्यांत वाटेची घळ होते, खालचे गोटे उघडे पडतात, आणि पुढचा चालक म्हणतो, इथून नको, बाजूनं काढू. वाटेची दुसरी शाखा तिथे फुटते.

ते पाणी जातं कुठे? ओढ्यात. गाळ घेऊन. ट्राउट मासे ओढ्याच्या तळाच्या खडीत अंडी घालतात. खडीच्या फटींतून वाहत्या पाण्याचा प्राणवायू मिळाला तर ती जगतात. फटी गाळानं भरल्या की अंडी गुदमरतात. वर डोंगरात कुणीतरी चिखल उडवून मजा केली, त्याचा हिशेब खाली असा चुकता होतो.

एल्डोराडोतली रुबिकॉन ट्रेल जगभरच्या जीपवाल्यांची पंढरी. सुमारे २२ मैलांची, ग्रॅनाइटच्या धोंड्यांची वाट. २००९ मध्ये तिथल्या प्रादेशिक जल-गुणवत्ता मंडळानं काउंटी, म्हणजे तिथलं जिल्हा प्रशासन, आणि वनसेवा दोघांनाही सफाईचा आदेश बजावला. कारणं तीन: वाहून येणारा गाळ, इंजिनातून गळणारं तेल आणि माणसांची विष्ठा. वाट बंद पडण्याची वेळ आली होती. मग पाण्याचे निचरे बांधले गेले, ओढ्यावर पूल आला, आणि ज्यांची वाट होती ते जीपवालेच हातात फावडी घेऊन उतरले. आज रुबिकॉनला जाणाऱ्यानं तेल शोषून घेणारं किट आणि शौचाच्या पिशव्या जवळ ठेवायच्या असतात. ऑइल पॅन, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, धोंड्यावर फुटलं तर पहिलं काम इंजिन बंद करणं. दुसरं, खाली भांडं किंवा शोषक पॅड सरकवणं. गाडी कशी निघेल हा विचार त्यानंतर. भिजलेली पॅड आणि तेलकट माती पिशवीत भरून परत आणायची.

गाळ टाळायचा म्हणून पावसाळी, बर्फ वितळतानाच्या दिवसांत जाऊच नये. एल्डोराडोत कच्च्या वाटा दर वर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च गाड्यांना बंद असतात, आणि माती वाळली नसेल तर त्यापुढेही. खुल्या दिवसांतही खूण सोपी आहे. शंभर पावलं गाडी चालवा, उतरा, मागे वळून बघा. टायरचा ठसा इंचभर खोल उमटला असेल किंवा टायरच्या खाचा चिखलानं बुजून सपाट झाल्या असतील, तर त्या दिवशी ती वाट आपली नाही. परत फिरा. तीन तास गाडी चालवून आल्यावर परत फिरणं जड जातं हे खरं, पण पडलेला चर त्या तीन तासांहून कितीतरी जास्त टिकतो.

आणि वाटेत डबकं आलं तर? सगळ्यांची पहिली ओढ त्याला वळसा घालण्याची. गाडी स्वच्छ राहते, आणि आपण काळजी घेतली असंही वाटतं. प्रत्येक जण फूटभर बाहेरून गेला की आठ फुटांची वाट पंचवीस फुटांची होते आणि डबकं वाढतच जातं. वाट खुली असेल तर डबक्याच्या मधूनच जायचं, सावकाश, चाक जागच्या जागी न फिरवता. आधी उतरून काठीनं खोली बघायची. चाकाच्या मध्यापेक्षा वर पाणी असेल तर मागे फिरायचं. ओढा ओलांडायचा तो नकाशावरची वाट जिथे ओलांडते तिथेच, काटकोनात, एका संथ गतीनं. साइड-बाय-साइडमध्ये इंजिनाची ताकद चाकांकडे रबरी पट्टा नेतो. त्याच्या पेटीत पाणी शिरलं की पट्टा घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी हलत नाही. अशा वेळी जोर लावला तर पट्टा जळतो. गाडी न्यूट्रलला घ्या, पेटीच्या तळाचा निचऱ्याचा बूच काढून पाणी सोडा, मग थोडा वेळ इंजिन रेस करून पट्टा वाळू द्या. हाच पट्टा आणखी एका चुकीनं जातो. धोंड्यांवर मुंगीच्या पावलानं चढताना गिअर ‘हाय’वर ठेवला की जळक्या रबराचा वास येतो. ताशी पंधरा मैलांच्या खालचं काम असेल, चढ असेल, मागे ओझं असेल, तर ‘लो’च.

चाक जागच्या जागी फिरणं म्हणजे कुदळ चालवणं. ते टाळायचा स्वस्त उपाय म्हणजे टायरची हवा. रस्त्यावर ३२-३५ पीएसआय ठेवणारी जीप कच्च्या वाटेवर १८-२० वर आणली की टायर पसरतो, पकड वाढते, ओझं जास्त जागेवर वाटलं जातं. साध्या रिमवर १२ च्या खाली जाऊ नये, वळणावर टायर रिमवरून निसटतो. क्वाडला मुळातच ४ ते ७ पीएसआय लागते, तिथे पेट्रोल पंपावरचं मापक उपयोगाचं नाही, कमी दाबाचं वेगळं घ्यावं. परतताना डांबरीला लागण्याआधी हवा पुन्हा भरायची. मऊ टायर वेगात तापतो आणि फुटतो. फोर-बाय-फोर अडकल्यावर लावायचं नसतं, अडकण्याआधी लावायचं असतं. आणि चढावर गाडी अडलीच तर आडवी वळवायची नाही, ती कलंडते. ब्रेक दाबून धरा, लो रेंजमध्ये रिव्हर्स टाका, आलात त्याच चाकोरीतून सरळ मागे उतरा.

रुतलेली गाडी विंचनं, म्हणजे गाडीवरच्या तार गुंडाळणाऱ्या यंत्रानं, ओढताना झाडाचा आधार घ्यावा लागतो. उघडी तार किंवा साखळी खोडाला गुंडाळली की ती सालीत रुतते. सालीच्या लगेच आत झाडाचा जिवंत, अन्न वाहणारा थर असतो. तो चारही बाजूंनी कापला गेला तर एवढं थोरलं झाड उभ्या-उभ्या वाळतं. तीन इंच किंवा जास्त रुंदीचा नायलॉनचा पट्टा खोडाला अगदी बुंध्याशी लावायचा, त्याची दोन टोकं शॅकलनं, म्हणजे खिळीच्या लोखंडी कडीनं, जोडायची, हूक त्या शॅकलला. ताणलेल्या तारेवर जाड जाकीट किंवा ओली गोणी टाकायची आणि माणसं तारेच्या लांबीपेक्षा दूर उभी करायची. गाडीच्या मागच्या टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला, दोर कधीच लावू नका. ताणाखाली तो गोळा तुटतो, तोफेच्या गोळ्यासारखा येतो, आणि माणसं मेलेली आहेत.

उन्हाळ्यात भीती वणव्याची. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीला वणव्यांमुळे कॅलिफोर्नियातली जवळजवळ सगळी राष्ट्रीय वनं एकदम बंद करावी लागली होती, पंधरवडाभर. सायलेन्सरमधून कधीकधी कार्बनचे तापलेले कण बाहेर पडतात. ते अडवायला वनसेवेनं मान्य केलेला स्पार्क अरेस्टर, म्हणजे ठिणगी अडवणारी जाळी, सक्तीची आहे. जाळी काजळीनं बुजते, इंजिन गुदमरतं, ताकद कमी होते, आणि मग कुणीतरी ती काढून फेकून देतो. ती फेकायची नसते, साफ करायची असते. इंजिन पूर्ण गार झाल्यावर जाळी सोडवून तारेच्या ब्रशनं घासली की झालं. दुसरं संकट लोकांच्या लक्षात येत नाही. गाडीच्या पोटाखालच्या पत्र्यावर वाळकं गवत साठतं आणि तापलेल्या पाइपाला टेकतं. तासा-दोन तासांनी वाकून बघा आणि हातानं काढून टाका. उंच वाळक्या गवतात गाडी उभी करू नका. फावडं, पाणी आणि अग्निशामक हाताशी हवं.

आवाजाचंही माप आहे. कॅलिफोर्नियात १९८६ पासून बनलेल्या गाड्यांना ९६ डेसिबलची मर्यादा, सायलेन्सरच्या तोंडापासून २० इंचांवर मोजून. आवाज वाढवला म्हणजे गाडी जोरात पळते ही समजूत काढून टाकलेली बरी. वाटा बंद पाडणाऱ्या तक्रारी बहुतेक या आवाजानंच सुरू होतात, कारण तो डोंगरापलीकडच्या माणसालाही ऐकू जातो.

समोरून घोडेस्वार आला तर सगळ्यात जास्त जपायचं. थांबा, इंजिन बंद करा, शक्यतो वाटेच्या उताराकडच्या अंगाला राहा आणि हेल्मेट काढून बोला. घोड्याला हेल्मेटातलं ते डोकं माणसाचं वाटत नाही. आवाज ऐकला की त्याला धीर येतो. घोडा किती लांब गेल्यावर इंजिन सुरू करायचं ते स्वाराला विचारा. पायी चालणाऱ्याला, सायकलवाल्यालाही वाट आपणच द्यायची. गाड्या-गाड्यांत चढणाऱ्याला पहिला मान. आपल्या मागे किती जण आहेत ते समोरून येणाऱ्याला बोटांनी दाखवतात, शेवटचा मूठ दाखवतो. फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं. चुकलेला माणूसच नवी चाकोरी पाडतो.

चाकोरी किती टिकते? वायोमिंगमध्ये गर्न्झी गावाजवळ ओरेगॉन ट्रेलच्या घोडे-बैलांच्या वॅगनींनी वाळूच्या खडकात पाडलेले चर आजही दिसतात, काही पाच फूट खोल. आपण काळ्या दगडावरची रेघ म्हणतो ती अक्षरशः. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात १९४२ ते १९४४ मध्ये रणगाड्यांचा सराव झाला, त्यांच्या पट्ट्यांच्या खुणा अजून पुसलेल्या नाहीत. पातळ मातीच्या जागा सगळीकडे अशाच. जांभ्या कातळावरच्या बोटभर मातीत कासची फुलं उगवतात, तिथे चाक गेलं तर पुन्हा भरून यायला माती आणायची कुठून? पावसाळ्यात आपल्याकडच्या पठारांवर आणि सड्यांवर गाडी घालणाऱ्यानं एकदा खाली उतरून मातीत बोट रोवून बघावं.

घरी परतताना गाडी धुणं हा कंटाळ्याचा भाग, आणि तोच सगळ्यात जास्त टाळला जातो. ओरेगॉनच्या नैर्ऋत्येला आणि कॅलिफोर्नियाच्या वायव्येला पोर्ट-ऑर्फर्ड सीडर नावाचं देखणं झाड आहे. त्याच्या मुळांना लागणारा रोग बुरशीसारख्या एका जीवानं होतो आणि तो चिखलातून पसरतो. टायरच्या खाचेतला मूठभर ओला चिखल एका पाणलोटातून दुसऱ्यात गेला की ओढ्याकाठची सीडरं मरू लागतात. म्हणून तिथले काही रस्ते ओल्या हंगामात फाटक लावून बंद ठेवतात. चिखलाबरोबर तणांचं बीही जातं. जंगलात शिरण्याआधी एकदा आणि बाहेर पडल्यावर एकदा, दोन्ही वेळा धुवायचं. मडगार्डची आतली बाजू, पोटाखालचा पत्रा, चाकाची आतली कड या तीन जागी चिखल बसतो. बाहेरचा रंग चकचकीत केला आणि या जागा राहिल्या तर धुतलं नाही असंच समजा.

चुकून पडलेली चाकोरी मिटवण्याचं एक साधं काम आहे. या वाटांवरचे स्वयंसेवक ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. आधी मॅकलाउडनं, म्हणजे फावडं आणि दाताळं एकत्र असलेल्या अवजारानं, दाबलेली माती चार-सहा इंच खोल मोकळी करतात, नाहीतर बी रुजत नाही. उतारावर ओंडके आडवे टाकतात, पाणी अडावं म्हणून. त्यावर पाइनच्या सुया आणि पालापाचोळा. शेवटी वाळक्या फांद्या खड्डे करून उभ्या रोवतात, वाढलेल्या झुडपांसारख्या. एवढी मेहनत सगळ्या लांबीभर करत नाहीत. मुख्य वाटेवरून जेवढा भाग नजरेत येतो तेवढाच बुजवतात, कारण डोळ्याला फाटा दिसला नाही की चाक तिकडे वळत नाही. काम संपल्यावर कुणीतरी जीपच्या सीटवर जाऊन बसतं आणि तिथून बघतं. काही दिसलंच तर उतरून आणखी दोन फांद्या रोवतात. मग पहिल्या पावसानंतर कुणीतरी परत येतं, ताज्या टायरचा ठसा आहे का ते बघायला.